पटावरून कमी झालेली नावे

शाळेचा वार्षिक अंक हाती आला म्हणजे विद्यार्थी आणि पालक सर्वप्रथम कोणते पान उघडतात, हे सांगावयास ज्योतिषी नको. शालान्त परीक्षेच्या निकालाचे पान! तेथे गुणवंतांची छायाचित्रे असतात, त्यांच्या नावांपुढे टक्केवारी असते आणि सर्वांच्या वर ठळक टाइपात शाळेचा शेकडा निकाल असतो. तो आकडा शंभर असला म्हणजे संचालकांस समाधान वाटते, शिक्षकांची मान ताठ होते आणि पुढील वर्षी प्रवेशासाठी दाराशी गर्दी होते. यात गैर काहीच नाही. मुलांनी श्रम केले, शिक्षकांनी जादा तास घेतले, त्याचे ते फळ होय. त्या यशाचे आम्ही मनापासून कौतुक करतो.

परंतु त्या पानावर जे छापलेले नसते, त्याविषयी आज चार शब्द लिहावे असे मनात आहे. आठवीत जी मुले आपल्या शेजारी बसत होती, ती सर्वच्या सर्व दहावीच्या परीक्षेस बसली काय? न बसलेली कोठे गेली? आणि ती गेली याचा जाब कोणी कोणास विचारला काय?

निकालाचे गणित

आम्ही गणिताचे शिक्षक नव्हे. भाषा आणि इतिहास हे आमचे विषय. तथापि पुढील हिशेब इतका सोपा आहे की तो पाचवीच्या मुलासही करता यावा. आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत.

समजा, एका शाळेत आठवीत ६० विद्यार्थी होते. वर्षअखेर त्यांपैकी ८ जणांनी शाळा सोडली. नववीत आले ५२. नववीत असताना आणखी ७ जण येईनासे झाले आणि ५ जणांस अनुत्तीर्ण म्हणून मागे ठेवण्यात आले. दहावीत पोहोचले ४०. हे चाळीसही जण उत्तीर्ण झाले. शाळेचा निकाल किती? फलकावर लिहिले जाईल, शंभर टक्के. ते खोटे नाही. बसलेल्या चाळीसांपैकी चाळीस उत्तीर्ण झालेच आहेत. पण आठवीतील साठांचा विचार केला, तर तीन वर्षांत वेशीपर्यंत पोहोचले ते दर तिघांपैकी दोघे. शेकडा सुमारे ६७.

एकाच शाळेचे हे दोन निकाल. पहिला आपण छापतो, दुसरा छापत नाही. पहिल्याचा हिशेब खात्याकडे जातो, वर्तमानपत्रात येतो. दुसऱ्याचा हिशेब हजेरीपटावरील तांबड्या रेघांत राहतो, आणि वर्ष संपले म्हणजे तो पट कपाटात जातो.

यात एक सूक्ष्म मोह दडलेला आहे. शाळेची योग्यता केवळ पहिल्या आकड्यावरून ठरू लागली, म्हणजे कच्चा विद्यार्थी हा शाळेचा पाल्य न राहता शाळेस धोका वाटू लागतो. त्यास नववीत अडवावे, पालकांस बोलावून ‘दाखला काढून न्या’ असे सुचवावे, असे विचार भल्याभल्यांच्या मनात येऊ लागतात. रुग्णालयाने बऱ्या होणाऱ्या रोग्यांसच दाखल करून घ्यावे आणि ‘आमच्याकडे सर्व बरे होतात’ असे सांगावे, त्यातलाच हा प्रकार होय.

आमच्या हातची तांबडी रेघ

हे दुसऱ्यांविषयी बोलणे सोपे आहे. म्हणून स्वतःचाच एक प्रसंग सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. बेळगावनजीकच्या एका मराठी शाळेत आम्ही नववीचे वर्गशिक्षक होतो. वर्गात शेवटच्या बाकावर एक उंच, अबोल मुलगा बसे. वाचनात अडखळणारा, गणितात त्याहून मागे. इंग्रजीचा तास आला की खिडकीबाहेर पाहणारा. श्रावणात भाताची लावणी सुरू झाली आणि तो येईनासा झाला. आठवडा गेला, पंधरवडा गेला. महिनाअखेर आम्ही पटावर त्याच्या नावापुढे ‘सतत गैरहजर’ असा शेरा मारला आणि तांबड्या शाईने आडवी रेघ ओढली.

त्याचे घर शाळेपासून मैल-दीड मैलावर होते. त्या महिन्यात आम्ही एकदाही तेथे गेलो नाही. शिक्षकांच्या खोलीत गोष्ट निघाली, तेव्हा एकजण सहज म्हणाले, “एका परीने बरेच झाले, पुढच्या वर्षी निकालाला तो जडच गेला असता.” त्यावर आम्ही काही बोललो नाही. खरे सांगावयाचे तर, आमच्याही मनास किंचित हलके वाटले होते.

पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेच्या दोन नव्या खोल्यांचे काम निघाले. काही कामासाठी आम्ही शाळेत गेलो असता पायाची आखणी चालली होती. आपल्या गवंडी मामाच्या हाताखाली तोच मुलगा सूत धरून उभा होता. एका बाजूस त्याने तीन फुटांवर खूण केली, दुसऱ्या बाजूस चार फुटांवर, आणि दोन खुणांमधील अंतर मोजून तो म्हणाला, “मामा, पाच भरलं. कोपरा बरोबर.”

आम्ही जवळ गेलो. “अरे, हे तुला कोणी शिकविले?”

“मामांनी, सर. तीन, चार आणि पाच. कोपरा चुकला की पुढं भिंत चुकते, दरवाजा बसत नाही.”

“वर्गात शिकविले होते ते हेच की! काटकोन त्रिकोण, कर्णाचा वर्ग...”

तो जरा ओशाळला. “असेल, सर. तेव्हा मला कळलं नव्हतं.”

निघताना त्याने हलक्या आवाजात विचारले, “सर, माझं नाव पटावर अजून आहे का?”

त्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस ठाऊक होते, कारण रेघ आमच्याच हातची होती. आजचा हा लेख म्हणजे त्या प्रश्नास उशिरा दिलेले उत्तर आहे असे समजावे.

नववीचे वळण

मुले शाळा सोडतात ती नेमकी कोठे, हे पाहणे उद्बोधक आहे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाच्या माहितीनुसार २०२१-२२ या वर्षी देशात गळतीचे प्रमाण प्राथमिक टप्प्यावर शेकडा सुमारे दीड, उच्च प्राथमिक टप्प्यावर तीन, आणि माध्यमिक टप्प्यावर, म्हणजे नववी-दहावीत, साडेबाराहून थोडे अधिक होते. पुढे मोजण्याची रीत बदलली. २०२४-२५ साठी माध्यमिक टप्प्याचा आकडा ८.२ असा दिला आहे. रीत बदलल्यामुळे दोन आकड्यांची तुलना जपूनच करावयास हवी. परंतु एक गोष्ट दोहोंतही समान आहे : खालच्या वर्गांत टिकलेली मुले नववी-दहावीच्या उंबरठ्यावर येऊन गळतात.

असे का व्हावे? एक कारण कायद्याच्या मर्यादेत आहे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. तो सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी आहे. म्हणजे त्याची छाया साधारणतः आठवीपर्यंत पोहोचते. नववीपासून मूल त्या छायेबाहेर येते. त्याच सुमारास त्याच्या हातापायांत बळ आलेले असते, आणि घरची गरज त्या बळाकडे पाहू लागते.

दुसरे कारण अभ्यासाच्या साठत आलेल्या ओझ्यात आहे. चौथीत जो भागाकार समजला नाही, तो नववीत बीजगणिताच्या रूपाने पुन्हा समोर उभा राहतो. मूल एकाएकी ‘ढ’ होत नाही. पाच वर्षे तुंबलेले पाणी एके दिवशी बांध फोडते, इतकेच. भाषेचेही असेच आहे. आमच्या घरी कोंकणी बोलली जाते. लहानपणी शाळेतील ग्रांथिक मराठीत उत्तर देताना शब्द सापडत नसे, तेव्हा ‘याला काही येत नाही’ असा शेरा आम्हीही ऐकला आहे. येत होते; सांगता येत नव्हते. या दोहोंतील अंतर ओळखणारे एक गुरुजी लाभले म्हणून आम्ही शाळेत टिकलो. ज्यांस तसे कोणी लाभले नाही, ते आमच्याहून कमी बुद्धीचे होते असे म्हणण्याचे धैर्य आम्हांस होत नाही.

मुलींच्या बाबतीत आणखी कारणे येऊन मिळतात : धाकट्या भावंडांची जबाबदारी, शाळेचे अंतर, शाळेतील स्वच्छतागृहाची अवस्था, घरात निघालेली लग्नाची गोष्ट. मुलगा शाळा सोडतो तेव्हा निदान तो कोठे कामास लागला याची गावात चर्चा होते. मुलगी शाळा सोडते तेव्हा बहुधा ती चर्चाही होत नाही.

दारिद्र्य शाळेस दूर करता येत नाही, हे खरे. परंतु ‘घरची परिस्थिती’ हे दोन शब्द पटावर लिहिले म्हणजे शाळेची जबाबदारी संपली, हे मात्र खरे नाही. कारण त्याच परिस्थितीतील दुसरी मुले टिकतात. ज्या मुलास वर्गात रोज पराभवच पदरी येतो, त्यास घरची अडचण हे निमित्त पुरते. ज्यास शाळेत एखादी तरी गोष्ट आपल्या हातून चांगली होते असे वाटते, तो अडचणीतूनही वाट काढून येतो.

एक जुना वाद

मुलांच्या हातांस शाळेत काम असावे, हा विचार आजचा नाही. १८८२ साली विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखालील शिक्षण आयोगापुढे महात्मा जोतीराव फुले यांनी निवेदन सादर केले. शेतकऱ्याच्या करातून आलेला पैसा मूठभरांच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो, हे दाखवून त्यांनी प्राथमिक शाळांत लेखन, वाचन व हिशेब यांच्या जोडीस शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे नियम शिकवावेत असे मागितले. त्याच आयोगाने माध्यमिक शाळांत दोन वाटा सुचविल्या : एक विद्यापीठाकडे नेणारी, दुसरी व्यापार-उद्योगाकडे नेणारी. पहिली वाट हमरस्ता झाली. दुसरीवर गवत वाढले.

तरीही काही ठिकाणी दिवे लागले. बडोद्यास सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी १८९० साली कलाभवन उभारले. रंगकाम, विणकाम, यंत्रकाम यांचे शास्त्रशुद्ध शिक्षण तेथे मिळू लागले. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके हे याच कलाभवनाचे विद्यार्थी. ज्या संस्थानाने १८९३ मध्ये अमरेली तालुक्यात आणि १९०६ मध्ये सर्व राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले, त्याच संस्थानाने कारागिरीसही विद्येचे आसन दिले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

आमच्या बेळगावचे उदाहरण तर घरचेच. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचा जन्म १८६९ मध्ये याच जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. चित्रकला शिकण्यासाठी ते मुंबईस गेले. परंतु काही रंग ओळखण्यात दृष्टी उणी पडते असे आढळल्याने ती वाट सोडावी लागली. यांत्रिक रेखाटनात रंगांची गरज नव्हती. ते त्यांनी आत्मसात केले आणि पुढे मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत शिकविले. किर्लोस्कर बंधूंचे सायकलींचे दुकान १८८८ मध्ये बेळगावात निघाले. येथेच पुढे वैरण कापण्याची यंत्रे आणि लोखंडी नांगर तयार झाले. लोखंडाने जमीन नासते अशी समजूत असल्यामुळे ते नांगर प्रारंभी खपेनात. तरी त्यांनी हात आखडता घेतला नाही, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडीचा पाया घातला गेला. एक दार बंद झाले असता दुसरे उघडे सापडले, म्हणून हा माणूस उभा राहिला. आमच्या शाळांत किती मुलांस दुसरे दार दाखविले जाते?

१९३७ च्या ऑक्टोबरात वर्धा येथे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली शिक्षणपरिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने ‘नई तालीम’चा आराखडा तयार केला. त्यातील मर्म असे की हस्तोद्योग हा एक जादा विषय नव्हे. हस्तोद्योगाच्या द्वाराच गणित, विज्ञान व समाजशास्त्र शिकवावे. कोठारी आयोगाने (१९६४-६६) ‘कार्यानुभव’ सुचविला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही सहावीपासून व्यवसायाची ओळख, आणि सहावी ते आठवीच्या काळात दप्तराविना दहा दिवस स्थानिक सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांच्या सान्निध्यात घालविण्याची कल्पना मांडली आहे.

मग इतके विचारवंत सांगत असता ही कल्पना रुजली का नाही? आमच्या मते याची कारणे दोन. पहिले असे की कार्यानुभवाचा तास हा बहुधा कागदी फुलांचा तास झाला. त्यातून ना उपयोगी वस्तू निघाली, ना ज्ञान. दुसरे अधिक खोल आहे. ‘ज्यास अभ्यास झेपत नाही त्याने हातकाम करावे’ अशी आपली समजूत. पुस्तक हुशारांचे आणि पटाशी मठ्ठांची! अशा वाटणीत कोणता स्वाभिमानी पालक आपल्या मुलास दुसऱ्या रांगेत उभे करील?

पालकांची ही शंका निराधार नाही, हेही नमूद केले पाहिजे. १९५३ मध्ये मद्रास राज्यात राजगोपालाचारी यांनी प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी घरचा व्यवसाय शिकावा अशी योजना आणली. न्हाव्याच्या मुलाने न्हावीच व्हावे, कुंभाराच्या मुलाने कुंभारच, असा तिचा अर्थ लोकांनी घेतला; जातीची बेडी शाळेच्याच हातून घातली जात आहे, असा प्रखर विरोध झाला आणि १९५४ मध्ये ती मागे घ्यावी लागली. यातून घ्यावयाचा धडा स्पष्ट आहे. व्यवसाय शिक्षण हे मुलाच्या जन्मावरून ठरता कामा नये, ते सर्वांस असावे, आणि त्याने पुस्तकाचे दार बंद होता कामा नये. वकिलाच्या मुलीनेही रंधा मारावा आणि सुताराच्या मुलासही महाविद्यालयाची पायरी मोकळी असावी.

पाबळचा प्रयोग

हे साधता येते काय? पुणे जिल्ह्यातील पाबळ या गावी एका शास्त्रज्ञाने ते साधून दाखविले आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत अन्नतंत्रज्ञानाची डॉक्टरेट मिळविलेले संशोधक. हिंदुस्थान लिव्हर कंपनीच्या संशोधनकेंद्रातील मोठी नोकरी सोडून पत्नी मीराताईंसह ते १९८३ मध्ये त्या अवर्षणग्रस्त गावी राहावयास गेले आणि तेथे त्यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. शिक्षणतज्ज्ञ जे. पी. नाईक यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचे हे केंद्र होय. त्यांच्याकडे येणारे विद्यार्थी कोण? बहुतेक शाळा सोडलेले. जे शाळेने गाळले, तेच त्यांनी वेचले!

येथील शिक्षणाची रीत लक्षात घेण्याजोगी आहे. अभियांत्रिकी, ऊर्जा व पर्यावरण, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य असे चार विभाग. आणि प्रत्येकात विद्यार्थी खरे काम करतो. वेल्डिंग करून खरी खिडकी बनवितो, ती कोणाच्या तरी खऱ्या घरास बसते. कोंबड्यांस किती खाद्य घातले व वजन किती वाढले याची रोज नोंद ठेवतो. त्या नोंदीतून शेकडेवारी आणि आलेख आपोआप शिकतो. वस्तूची किंमत काढताना माल, मजुरी व वीज यांचा हिशेब मांडतो. काम आधी येते. कामात अडले म्हणजे ‘असे का?’ हा प्रश्न उठतो. आणि मग त्या प्रश्नापाठोपाठ शास्त्र येते. आमच्या वर्गात क्रम उलटा असतो : आधी सिद्धान्त, मग उदाहरण, आणि काम बहुधा कधीच नाही.

दुसरे वैशिष्ट्य असे की शिकविणारे पदवीधरच असावेत असा तेथे आग्रह नाही. गावातील कुशल कारागीरही तेथे शिक्षक होतो. तिसरे असे की हा अभ्यासक्रम केवळ गळलेल्यांसाठी राहिला नाही. ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’ या नावाने तो आठवी ते दहावीच्या साध्या शाळांत गेला : आठवड्यातून एक दिवस, हुशार-मठ्ठ असा भेद न करता सर्व मुलामुलींसाठी. डॉ. कलबाग २००३ मध्ये निवर्तले. आश्रमाचे काम पुढे चालू राहिले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या सहकार्याने संगणकाच्या साहाय्याने वस्तू घडविण्याच्या ज्या कर्मशाळा जगभर निघाल्या, त्यांतील अगदी प्रारंभीची एक २००२ च्या सुमारास पाबळ येथे उभी राहिली. शाळा सोडलेल्या मुलांचे ठिकाण म्हणून जे सुरू झाले, तेथे जगातील अद्ययावत यंत्र येऊन पोहोचले, यात आम्हांस मोठा अर्थ दिसतो.

शाळेने काय करावे

पाबळ प्रत्येक गावी होणार नाही. परंतु कोणत्याही शाळेस फारशा खर्चाविना करता येतील अशा काही गोष्टी आहेत.

पहिली : वार्षिक अहवालात निकालाशेजारी दुसरा आकडाही छापावा. तीन वर्षांपूर्वी आठवीत किती होते, त्यांपैकी आज किती आपल्याबरोबर आहेत, किती दुसऱ्या शाळेत गेले आणि किती कोठेच नाहीत. नावे छापू नयेत. कोणाची अब्रू काढण्याचा हा हेतू नव्हे. केवळ संख्या पुरे. जे मोजले जाते त्याची काळजी घेतली जाते.

दुसरी : मूल सलग आठवडाभर आले नाही तर वर्गशिक्षकाने त्याच्या घरी जावे. महिन्याने ओढलेल्या तांबड्या रेघेपेक्षा आठवड्याने ठोठावलेले दार अधिक मोलाचे. लावणी-कापणीच्या दिवसांत बुडालेला अभ्यास भरून काढण्यासाठी जादा तास ठेवावेत. ते केवळ पहिल्या दहांसाठी नसावेत.

तिसरी : शाळा सुटलीच, तर पुढची वाट दाखवूनच मुलास निरोप द्यावा. खासगी विद्यार्थी म्हणून एस्. एस्. एल्. सी. परीक्षेस बसता येते. १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून एकेक विषय घेऊन दहावी होता येते. १९५० मध्ये सुरू झालेल्या कारागीर प्रशिक्षण योजनेखालील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत वेल्डर, सुतारकाम, नळकाम यांसारख्या काही व्यवसायांस आठवी उत्तीर्ण मुलासही प्रवेश मिळू शकतो. ही माहिती दाखल्याबरोबर लेखी दिली पाहिजे.

चौथी : गावातील गवंडी, सुतार, शिंपीणबाई, विजेचे काम करणारे मिस्त्री यांस सन्मानाने वर्गात बोलवावे, आणि मुलांकडून शाळेचीच कामे करून घ्यावीत : मोडका बाक दुरुस्त करणे, पाण्याच्या टाकीचे घनफळ काढणे, बागेस ठिबक बसविणे. मात्र काम आणि त्यामागील शास्त्र यांची गाठ शिक्षकाने मारून द्यावी. नाहीतर ती केवळ फुकटची मजुरी होईल.

पालकांस एवढेच विनवितो की मुलास हातकाम शिकवा, पण चौदा-पंधराव्या वर्षी त्याची शाळा सोडवून नव्हे. आज मिळणारी रोजची मजुरी दिसते. उद्या अडणारे दार दिसत नाही. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या शेजारचा बाक रिकामा झाला तर शिक्षकांच्या आधी ते तुम्हांस कळते. त्याच्या घरी जा. वही घेऊन जा. पुष्कळ मुले ‘आता गेलो तर सर रागावतील’ एवढ्याच भयाने शाळेबाहेर राहतात.

आता त्या मुलाविषयी. त्या दिवशी खडूने हात भरलेले असूनही आम्हांस जे शिकविता आले नव्हते, ते चुन्या-सिमेंटने हात भरलेल्या त्याच्या मामाने शिकविले होते. आम्ही त्याच्या घरी गेलो. योग्य वय झाल्यावर खासगीरीत्या परीक्षेचा अर्ज भरून दिला. दोन वेळा तो बसला. गणितात उत्तीर्ण झाला, चांगल्या गुणांनी झाला. इंग्रजी मात्र दोन्ही वेळा राहिले. आज तो स्वतः लहान घरांची कामे घेतो. नकाशा पाहून पायाची आखणी करतो, आणि त्याचा कोपरा कधी चुकत नाही. स्थापत्याची पदविका घ्यावी असे त्याच्या मनात फार आहे. परंतु तंत्रनिकेतनाच्या दाराशी दहावीचे प्रमाणपत्र मागतात. त्याच्या हातात विद्या आहे, कागद नाही. नववीत आम्ही आठवड्याभरात त्याच्या दाराशी गेलो असतो, तर कदाचित दोन्ही असते.

गेल्या महिन्यात त्याने निरोप पाठविला : “सर, इंग्रजीला पुन्हा बसतो म्हणतो. संध्याकाळी वेळ द्याल का?” आम्ही होकार कळविला आहे. त्या नव्या खोल्यांपैकी एकीतच, ज्या खोलीचा पाया त्याने आखला होता तेथे, सोमवार आणि गुरुवार संध्याकाळी साडेसहा वाजता आम्ही बसतो. त्याच्याबरोबर त्याच्याकडे काम करणारे आणखी दोन मुलगेही येतात. त्यांच्यासाठी आम्ही एक नवा पट केला आहे. त्यात आजवर एकही तांबडी रेघ नाही.